घटीचा हिशेब

वाण्याच्या दुकानात माल येतो तो पोत्याने, आणि जातो तो पुडीने. येताना त्याचे वजन होते, पावती होते, हमालाची हमाली आणि तोलाऱ्याची तोलाई चुकती होते. जातानाही त्याचे वजन होते, पण ते शेकडो वेळा होते, शेकडो हातांत होते, आणि त्याची पावती कोणी करीत नाही. पोते फोडल्यापासून ते झटकून घडी घालीपर्यंत मध्ये जो काळ जातो, त्या काळाचा हिशेब आपल्या लोकांनी कसा ठेवला, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळीत आला आहे. लढायांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. पुडीचा कोणी लिहिला नाही. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा शाळामास्तरचा, आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहिण्याची खोड. तेव्हा जे हाती लागले ते सांगतो. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

प्रथम प्रश्नच नीट समजावून घेतला पाहिजे. जुन्या मापाने अडीच मणांचे पोते म्हणजे बरोबर शंभर शेर. शेराचे छटाक सोळा, म्हणजे एका पोत्यात सोळाशे छटाक. एक छटाक पाच तोळ्यांचा. आता दुकानदार भला माणूस आहे, तागडीचा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित झुकल्याशिवाय तो पुडी बांधीत नाही, असे धरा. हा झुकाव पाव तोळ्याचा. पाव तोळा म्हणजे चिमूटही नव्हे. पण सोळाशे पुड्यांचे पाव पाव तोळे मिळून चारशे तोळे होतात, आणि ऐंशी तोळ्यांच्या शेराने चारशे तोळ्यांचे पाच शेर. शंभरातले पाच शेर कोणीही चोरले नाहीत, उंदरांनी खाल्ले नाहीत, आणि तरीही ते गेले. घाऊक घेणाराला ही घट लागत नाही, कारण तो पोत्यावर पोते देतो. लागते ती फोडून विकणाराला. माल जितका बारीक फोडावा तितकी घट मोठी.

ही गोष्ट फार पूर्वी कोणाच्या तरी पक्की ध्यानात आली होती. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली शामशास्त्र्यांनी म्हैसूरला छापून काढले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगल्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आपल्याकडे या ग्रंथाचे नाव निघाले की हेर, विषकन्या आणि साम-दाम-दंड-भेद यांपुढे गाडी जात नाही. पण त्यातले कोष्ठागाराध्यक्ष, पण्याध्यक्ष आणि पौतवाध्यक्ष या तीन अधिकाऱ्यांचे अध्याय वाचावेत. एखाद्या मुरलेल्या वाण्याने लिहिल्यासारखे वाटतात. द्रोण हे धान्याचे माप. पण कौटिल्याकडे द्रोण एक नाही, चार आहेत. राजाचे उत्पन्न ज्याने मोजून घ्यावयाचे तो द्रोण दोनशे पलांचा. बाजारातल्या व्यवहाराचा १८७½ पलांचा. नोकरचाकरांना वाटून देण्याचा १७५ पलांचा. आणि अंतःपुराकडे द्यावयाचा १६२½ पलांचा! राणीवशाला सर्वांत लहान माप का, याची चर्चा पंडितांनी करावी. मला दिसते ते एवढेच, की कोठारात येणारे माप मोठे आणि बाहेर जाणारे लहान ठेवून मधली घट आधीच भरून काढलेली आहे. दोनशेमधून साडेबारा पल गेले म्हणजे सोळावा भाग गेला. आणि मापून विकण्याच्या मालावर पण्याध्यक्षाच्या अध्यायात जी वाढ सांगितली आहे तीही सोळावा भागच. तोलून विकण्याच्या मालावर विसावा, मोजून विकण्याच्या मालावर अकरावा.

याहून बारीक गोष्टी आहेत. तापवून मापलेल्या तुपाला बत्तिसावा भाग वर द्यावा, तेलाला चौसष्टावा. पातळ पदार्थ मापाला चिकटून राहतो, त्याबद्दल पन्नासावा भाग वर द्यावा. कोणत्या धान्याचे कांडल्यावर किती उरते, जवसातून तेल सहावा भाग निघते आणि तिळातून चौथा, हे सारे आकड्यांनी दिलेले. दर चार महिन्यांनी मापे तपासून शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसेल तर दंड सव्वासत्तावीस पण. द्रोणात अर्धा पल कमीजास्त झाला तर दोष नाही, एक पल झाला तर बारा पण दंड. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी: राजाचा माल किरकोळ विकणाऱ्या माणसांनी आलेले पैसे एकच भोक असलेल्या झाकणाच्या लाकडी पेटीत टाकावेत, आणि दिवसाच्या आठव्या भागी, म्हणजे संध्याकाळी, पण्याध्यक्षाकडे जाऊन विकले किती आणि उरले किती ते सांगावे, आणि तराजू आणि मापेही त्याच्या स्वाधीन करावीत. रोजच्या रोज विक्री, शिल्लक आणि माप, तिन्ही एका हाती. एवढे झाल्यावर चोरीला जागा कोठे राहते?

यात एक मेख मात्र आहे. हे सारे नियम राजाने राजाच्या मालासाठी केले. घट किती धरावी हे राजाला ठाऊक होते. त्याच्या नोकराला त्या आकड्याचा आधार होता. खासगी दुकानात गड्याला असा आधार कोण देणार? त्याकडे पुढे येतो.

आपल्या मुलखात धान्य पोत्यातही नव्हते, ते पेवात आणि अंबारात होते. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारे अजून उभी आहेत. १६६० साली सिद्दी जौहराने चार महिने गडाला वेढा घातला तेव्हा आत असलेल्या माणसांचा जीव या कोठारांतल्या दाण्यावर होता. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखाननीस असावयाचा, तो याच कामाचा माणूस. खंडीने आलेले धान्य शेराशेराने शिध्यात जावयाचे, आणि त्याचा जमाखर्च कागदावर उतरावयाचा. आपल्या कादंबऱ्यांतून तलवार गाजवणारे पुष्कळ भेटतात (माझ्याही एका कादंबरीत तीन आहेत), पण कारखाननिसाचा नायक कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. पेवाची तऱ्हा आणखी निराळी. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले आणि तो व्यवहारच खचला. पेवात भरलेला माल सगळाच्या सगळा वर येत नसे. भिंतीला लागून असलेला थर खराब निघे, तो आधीच वजा धरून सौदा होई. घट करारातच लिहिलेली असल्यामुळे तिच्यावरून भांडण नसे.

भांडण होते ते शिगेवरून. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही आमच्या आजीच्या तोंडची मापे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढचे मात्र गावागणिक बदले: कोठे बारा पायल्यांचा मण, कोठे सोळा, खंडी वीस मणांची. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणावयाचे नाही, ‘लाभ’ म्हणावयाचे. माप भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. शेतकऱ्याकडून घेताना शीग लावून घ्यावयाचे आणि गिऱ्हाइकाला देताना हात फिरवून सपाट द्यावयाचे, ही युक्ती कोणी शोधून काढली कोण जाणे. कौटिल्याच्या ग्रंथातही मापावरची शिखा आहे. ती मापाच्या चौथ्या भागाइतकी असावी किंवा आतच सामावलेली असावी, असे त्याने बजावले आहे. म्हणजे ही युक्ती त्याच्याही वेळी जुनीच असली पाहिजे. पायली तीच, मापारी तोच, आणि तरी घेताना मोठी, देताना लहान. राजाने चार द्रोण केले. वाण्याने एकाच पायलीतून दोन काढल्या.

इंग्रजांनी यात सुधारणा करण्याचा प्रयत्न केला, पण घोळ काही मिटला नाही. १८३३ साली रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरून त्यावर तोळा बांधला गेला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा मण सुमारे सव्वाब्याऐंशी पौंडांचा. आणि मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा! १९३२ साली मुंबई इलाख्यासाठी वजनमापांचा कायदा झाला, तरी खेड्यापाड्यांतली मापे आपल्या जागी राहिली. स्वातंत्र्यानंतर पाहणी झाली तेव्हा देशात २८० तोळ्यांपासून ८,३२० तोळ्यांपर्यंतचे मण आढळून आले. कापसाची खंडी तर ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५ किलोंहून थोडी अधिक. आणि मौज अशी, की कापसाचा भाव आजही खंडीवरच बोलला जातो.

या सर्व गुंतागुंतीतून वाट काढण्याचे एक शस्त्र मात्र आपल्या पंतोजींनी दिले होते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. मास्तर म्हणून मला या पाढ्यांबद्दल फार आदर वाटतो. पुष्कळांना वाटते की ती निव्वळ घोकंपट्टी होती. पण पोते फोडून पावशेर आणि नवटाक विकणाऱ्या समाजाला अपूर्णांकाचे पाढे तोंडपाठ असणे भागच होते. गिऱ्हाइकाने ‘अडीच शेराचे किती?’ म्हणेपर्यंत दुकानातल्या पोऱ्याच्या तोंडून उत्तर निघे. या पाढ्यांनी दराचा हिशेब होई, उधारीचा होई, व्याजाचा होई. घटीचा मात्र होत नसे, कारण घट म्हणजे दोन दूरच्या आकड्यांतली वजाबाकी, आणि ती करण्यासाठी दोन्ही आकडे कोठेतरी लिहिलेले असावे लागतात.

आता त्या चोपड्यांविषयी. आमच्या गावातले एक जुने किराणा दुकान काही वर्षांपूर्वी बंद झाले आणि चोपड्या रद्दीत निघाल्या. त्यांपैकी तीन मी वजनावर विकत घेतल्या. १९५४ च्या दिवाळीतल्या पाडव्यापासून १९५७ च्या दिवाळीपर्यंतच्या आहेत. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक. दुकानदाराचे अक्षर बाळबोध, मोडीची सवय सुटल्यासारखे. हा गृहस्थ व्यवस्थित होता. प्रत्येक पोत्यापुढे आणि गुळाच्या प्रत्येक ढेपेपुढे चार गोष्टी लिहिलेल्या: आली कधी, वजन किती, फोडली कधी, सरली कधी. एकाच जिनसाची दोन पोती तो एका वेळी कधी फोडीत नसे. हीच त्याची शिल्लक मोजण्याची रीत. बंद पोती मोजावयाची, फुटलेल्या पोत्याकडे पाहून अंदाज घ्यावयाचा, आणि पोते संपले की बारदान झटकून घडी करून एका खुंटीवर टाकावयाचे. बारदान परत विकले जाई, म्हणून त्याचीही नोंद. आणि बारदानांचा आकडा म्हणजेच संपलेल्या पोत्यांचा आकडा. रिकाम्या पोत्याने भरल्या पोत्याची साक्ष द्यावी ही सोय मला फार शहाणपणाची वाटली.

गुळाच्या पानांवर आणखी एक रकाना आहे, ‘घट’ या नावाचा. गूळ हा जिन्नसच वाईट. उन्हाळ्यात सुकतो, पावसाळ्यात पाझरतो. फोडताना चुरा उडतो, सुऱ्याला चिकटतो, कागदाला चिकटतो, आणि मुंग्या-माशांचा वाटा वेगळा. पहिल्या चोपडीत वैशाखात एका जागी लिहिले आहे की गुळाची घट पोऱ्याच्या पगारातून वजा. ज्येष्ठात पुन्हा तेच. पोऱ्याचे नाव नाही. तीन चोपड्यांत कोठेही नाही. आषाढात त्याचा पगार चुकता केल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर तो चोपडीतून नाहीसा होतो. श्रावणापासून वेगळ्या पगाराचा दुसरा गडी.

मी एका सुट्टीत बसून गुळाच्या तिन्ही वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. पोऱ्या होता त्या वर्षी घट मणामागे सुमारे सव्वा शेर. पोऱ्या गेल्यानंतरच्या वर्षी सव्वा शेर. त्याच्या पुढच्या वर्षी सव्वापेक्षा थोडी जास्तच, दीड शेराच्या आसपास. पोऱ्या गेला, घट राहिली. आकडे त्या दुकानदाराच्याच हातचे होते. त्याने ते कधी एका कागदावर आणले नाहीत, एवढेच. पाडव्याला जुनी चोपडी बांधून माळ्यावर जावयाची आणि नवी उघडावयाची. जुनी परत सोडून पाहण्याचे कोणाला काय कारण?

तो लबाड नव्हता, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याच्या झुकत्या मापाची कीर्ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मी लहानपणी ऐकली आहे. आठवड्याच्या बाजारी शेतमजूर बायका नवटाक गूळ आणि छटाकभर तेल घेण्यासाठी दुसरी दुकाने ओलांडून त्याच्याकडे येत. पण तेच झुकते माप घटीच्या रकान्यात उतरत होते, आणि तो रकाना एका बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या पगाराला जोडलेला होता. दान दुकानदाराच्या नावावर, खर्च पोराच्या. त्या पोराचे पुढे काय झाले ते सांगणारे कोणी उरलेले नाही. चोर म्हणून ज्याला एका गावातून काढले, त्याला दुसऱ्या दुकानात कोणी ठेवले असेल का?

याच्या काही वर्षे आधी सरकारही हाच धडा शिकत होते. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले, आणि ज्या वाण्याने जन्मात शिल्लक लिहिली नव्हती त्याला रोजचे साठापत्रक भरणे भाग पडले. आवक कार्डांच्या हिशेबाने, जावक कार्डांच्या हिशेबाने. आता घट निघाली तर काळाबाजाराचा संशय. वाढ निघाली तर गिऱ्हाइकाला कमी घातल्याचा. दोहोंच्या मधली चिंचोळी वाट दुकानदाराने शोधावयाची. ज्यांना ती सापडली ते सगळेच प्रामाणिक होते असे नव्हे. पत्रकात बरोबर बसणारी घट कशी लिहावी ही एक नवी विद्याच त्या काळात तयार झाली.

१९५६ साली दशमान वजनांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने येऊ लागली, आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने संपले. माझ्या तिसऱ्या चोपडीत आणे आणि नवे पैसे एकाच पानावर नांदताना दिसतात. दुकानदाराने समासात सहा नवे पैसे म्हणजे एक आणा असे चार-पाच वेळा लिहून पाहिले आहे. चार आणे म्हणजे पंचवीस, आणि सहा चोक चोवीस, तेव्हा तो एक पैसा कोणाचा, हा नवा घटीचा प्रश्न. पाढे मात्र हळूहळू मेले. माझ्या वर्गातल्या मुलांना औटकी हा शब्द ऐकून हसू येते.

पण फोडून विकण्यात केवळ वजन हरवत नाही, मालाचा पत्ताही हरवतो, हे कळण्यासाठी फार मोठी किंमत द्यावी लागली. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. अंगावर सूज येऊन साठांहून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. तेल डब्यातून पिंपात, पिंपातून बाटलीत उतरत गेले होते. गिऱ्हाइकाच्या हातातली बाटली कोणत्या घाण्याची, हे सांगणारी खूण तिच्यावर नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा हुकूम निघाला. बंद मालावर नाव, वजन, महिना आणि किंमत छापण्याचे नियम १९७७ पासूनच होते. आज ते २००९ च्या कायद्याखाली आहेत. या नियमांत घटीलाही शेवटी जागा मिळाली. एक किलोच्या पिशवीत पंधरा ग्रॅमपर्यंतची चूक चालते, पन्नास ग्रॅमच्या आतल्या पुडीत शेकडा नऊपर्यंत. लहान पुडीला टक्केवारीने अधिक सूट, कारण बारीक फोडण्यात घट मोठी. कौटिल्याला हे वाचून आनंद झाला असता. लहान पुडी घेणारा गरीब असतो आणि ती शेकडा नऊ त्याच्याच पुडीतून जाऊ शकते, हेही त्याच्या लक्षात आले असते असे मला वाटते. त्याशिवाय त्याने पन्नासावा भाग ‘वर द्यावा’ असे लिहिले नसते.

तालुक्याच्या गावी एका मोठ्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मी मध्यंतरी मुद्दाम जाऊन बसलो. चार बाया पन्नास किलोच्या पोत्यातून डाळ काढून अर्ध्या किलोच्या पिशव्या भरीत होत्या. विजेचा काटा, त्यावर लाल आकडे. मजुरी पिशवीमागे. काटा पाचशे दोन दाखवी तेव्हा एक बाई चिमूटभर डाळ परत काढी, आणि पाचशे एक झाले की पिशवीचे तोंड उष्णतेने चिकटवी. मी विचारले, “बरोबर पाचशे का करीत नाही?” ती म्हणाली, “गुरुजी, एकदा एक पिशवी चारशे अठ्ठ्याण्णव निघाली तेव्हा मालकांनी बोलणं लावलं. तेव्हापासून एक वर ठेवते.” पोत्यामागे किती पिशव्या व्हाव्यात हे मालकांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते: शंभर. मी निघेपर्यंत चालू पोत्याच्या नव्व्याण्णव भरल्या होत्या, आणि तळाशी डाळ, चुरा आणि सुतळीचे तुकडे मिळून जे उरले होते त्यात शंभरावी होईल की नाही हे बघायला चौघीही वाकल्या होत्या. भिंतीपाशी रिकाम्या पोत्यांची चळत होती, आणि मालकांचा मुलगा ती मोजून वहीत लिहीत होता.